केबल काढून बघ

बाहेर बर्फाळ पाऊस काचेवर आपटत होता आणि फेरीबोटीच्या उपाहारगृहात वेन्नीला घाम फुटला होता. बर्फावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचा संगणक पुन्हा ठप्प! कप्तानानं बजावलं होतं, तुर्कू बंदर येईपर्यंत हे चालू झालं नाही तर तो कॅमेरा उतरवणार. कॅमेरा उतरला की वेन्नीची नोकरीही गेलीच.

"केबल काढली की बंद पडतो ना?"

ओळखदेख नसताना बोलणारा माणूस! वेन्नीनं वर पाहिलं. शेजारच्या टेबलावर लोकरी टोपीतला एक तरुण… डोळे भलतेच हसरे.

"हो. या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर प्रोग्रॅम ज्यानं लिहिलाय ना, तो भेटू दे एकदा. कानच धरते त्याचा!"

"बापरे," तो म्हणाला. तेवढ्यात पुढच्या बेटाची घोषणा झाली. त्यानं दाराकडे पाहिलं, क्षणभर घुटमळला… आणि तिच्याच टेबलाशी खुर्ची ओढली. "मी ओक्को."

दोघं प्रोग्रॅमची ओळ न् ओळ चाळू लागले. केबल निघताच ड्रायव्हर मेमरीतली जागा परत करत होता. पण मागे टायमर चालूच. घर सोडलेल्या भाडेकरूनं जुन्याच घरात शिरावं तसा तो तिथं घुसायचा.

"आधी टायमर थांबवायचा—"

"—मग जागा सोडायची!" दोघांची बोटं एकाच बटणावर पडली. कुणीच हात मागे घेतला नाही.

मूळ चूक कुणाची, ते दुरुस्तीखाली नावानिशी लिहायचं, असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींचा रिवाज. वेन्नीनं नाव शोधलं. ओक्को लिंडरूस.

"तू? आणि इतका वेळ गप्प?"

"कान वाचवत होतो…" त्याचं हसू मावळलं. "लाज वाटली गं. माझ्या चुकीपायी तुझी नोकरी जायला नको. लिही माझं नाव. पण आधी केबल काढून बघ."

कप्तान दारात येऊन उभा राहिला. वेन्नीनं केबल ओढली. चित्र गेलं… पडद्यावर सरकणाऱ्या नोंदींच्या ओळी थांबल्या… तिनं ओक्कोचा हात गच्च धरला.

ओळी पुन्हा सरकल्या, संगणक चालूच होता! केबल लावताच पडद्यावर पुन्हा बर्फ दिसू लागला.

"राहू दे कॅमेरा," कप्तान पुटपुटला आणि निघून गेला.

"मघाचं बेट तुझं होतं ना? उतरला का नाहीस?"

"आधी चुकीसाठी थांबलो. मग… तू आवडलीस म्हणून."

वेन्नीचे गाल तापले. तिनं दुरुस्तीखाली लिहिलं. चूक: ओक्को लिंडरूस. चाचणीला सोबत: ओक्को लिंडरूस.

"दोनदा?"

"नावाची सवय करून घेतेय," ती म्हणाली, आणि ठरल्याप्रमाणे तिनं त्याचा कान धरला… अगदी अलगद.