आलो… आलो…

प्रसेनजीत हुपरीहून दुपारच्या एसटीनं कोल्हापुरात आला तो फक्त एक पिशवी न्यायला. आक्काची साडी, चपला आणि मोबाइल दवाखान्यातच राहिला होता. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण अंजना. तिला जाऊन चार दिवस झाले होते, उद्या पाचव्या दिवशी जलदान विधी होता. घरात सगळे रडत होते आणि ह्याच्या डोळ्यांतून टिपूस निघत नव्हता, म्हणून आक्काच्या नवऱ्यानं, जयसिंगदाजींनी, ह्यालाच पाठवलं.

टिपूस निघत नव्हता त्याला कारण होतं. आक्काचा हात त्यानं सोडला होता.

त्या दिवशी तिच्या रक्तात जंतू पसरले होते. रक्तदाब पार तळाला गेलेला. तो क्षणाक्षणाला कळायचा तर मनगटातल्या धमनीत बारीक नळी सरकवावी लागते. डॉक्टर राजनंदिनींनी त्यासाठी जाड दांड्यांचा एक चष्मा चढवला. साबणाच्या वडीएवढं सोनोग्राफीचं यंत्र मनगटावर टेकवलं की हाताच्या आतलं चित्र थेट त्या चष्म्यात उमटायचं. मान वळवून पडद्याकडं बघायला नको. तोंडात नळी असूनही आक्का हात झिंजाडत होती, म्हणून बाईंनी भावाला आत घेतलं. "घट्ट धरा. सुई आत बसेपर्यंत सोडायचा नाही."

त्यानं धरला. मग आक्कानं एक हिसका दिला, चादरीवर रक्त उडालं, आणि हा भेदरून हात सोडून बाहेर पळाला. सुई बसली होती का नव्हती? ते फक्त चष्म्यात दिसायचं. संध्याकाळी आक्का गेली.

मी लौकर सोडला का? एवढंच त्याला विचारायचं होतं. पिशवी ही नुसती सबब.

अतिदक्षता विभागात दुपारची सामसूम होती. गारठा, स्पिरिटचा वास, आणि त्याखाली काहीतरी नासल्यासारखा गोडसर दर्प. आक्काच्याच खाटेवर आता नेसरीचे गणपतराव होते, शुद्ध हरपलेले, तोंडात नळी. पडदा सरकवून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं. तोच चष्मा, खाली मास्क. त्यांनी ह्याला ओळखलं नाही.

"गणपतरावांचे तुम्हीच का? मुलगा?"

"व्हय," प्रसेनजीत म्हणाला. डोक्याच्या आधी जीभ चालली. ह्या खेपेला सोडणार नव्हता तो.

म्हाताऱ्याचा हात त्यानं दोन्ही हातांनी दाबून धरला. जन्मभर म्हशींची धार काढून अंगठ्याच्या सांध्यावर घट्टा पडलेला, लाकडासारखा हात. डॉक्टरांनी यंत्र टेकवलं आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "दाबल्यावर मिटते ती नीला. मिटत नाही, उडत राहते, ती धमनी… पण हे तिसरं काय आहे?"

मग त्या त्रासून म्हणाल्या, "बोलू नका हो तुम्ही."

"म्या कुठं बोललो?"

"आलो, आलो, कोण म्हणतंय मग?" त्यांनी कानाजवळची दांडी चाचपली. दांडीत बारका स्पीकर होता. "चष्म्याच्या कंपनीचा माणूस जोडला गेला वाटतं… हॅलो? कोण आहे? पुरुषाचा आवाज आहे."

प्रसेनजीतच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाई नागपूरच्या. त्यांना इकडचं काय ठाऊक? इकडच्या बायका स्वतःला 'आले, गेले' म्हणत नाहीत. आक्का घरी चांदीच्या पैंजणांच्या कड्या डाग देऊन जोडत असताना हाक मारली की आतून ओरडायची, "आलो, आलो!"

तो पुढं वाकला. डॉक्टरांच्या कानापाशी आवाज होता खरा. बारीक, ओलसर, आडाच्या तळातून यावा तसा.

"आलो… आलो…"

"आक्का," तो कुजबुजला, "त्या दिवशी… मी लौकर सोडला व्हय गं हात?"

"हलू नका!" डॉक्टर म्हणाल्या. "सुई आत शिरतेय…"

आवाज क्षणभर थांबला. मग अगदी मायेनं म्हणाला, "ह्याचा सोड. मग सांगतो."

प्रसेनजीतनं सोडला.

खुंट्यावरनं सुटलेल्या वासरागत म्हाताऱ्याच्या हातानं उसळी घेतली. सुई आडवी फाडत गेली.

तास-दीड तासात पाचही बोटं निळी पडली, मग काळी. मोठे डॉक्टर आले, त्यांनी नखं दाबून बघितली आणि मान हलवली. पंजा काढावा लागणार होता. गणपतरावांचा खरा मुलगा आकाराम औषधं घेऊन आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि प्रसेनजीतची गचांडी धरली.

"माझ्या बाचा ल्योक व्हतोस व्हय रं? मग ये की गावाकडं. अकरा म्हशी हाईत. उद्यापासनं धारंला कोण, तू बसणार का तुझा बा?"

प्रसेनजीतनं हात वर केला नाही. दोन थोबाडीत खाल्ल्या.

क्रांती सिस्टरनं सोडवून त्याला डॉक्टरांच्या खोलीत आणलं. तिथं तो फुटला. आपण कोण, कशाला आलो, सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा दगडासारखा होता. त्यांनी लॅपटॉप उघडला. "हाताच्या आतलं चित्र, समोरचं दृश्य, आवाज, चष्मा सगळं टिपून ठेवतो. बघा. तुमच्या बहिणीचं आहे हे."

पडद्यावर करडा धुरळा. त्यात उडणारा काळा गोळा, गोळ्याच्या बरोबर मधोमध सुईचं पांढरं टोक, आणि टोकावरून आत सरकलेली नळी. मग क्रांती सिस्टरचा आवाज, "झालं, सोडा आता." त्यानंतर ह्याची बोटं सुटली होती.

"नळी नीट बसली होती. तुम्ही वेळेवरच सोडलात. आजारच मोठा होता." त्यांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. "तुमची चूक आजची आहे."

चार दिवसांचा धोंडा छातीवरून उतरला आणि त्याच जागी दुसरा बसला. तो लॅपटॉपकडं सरकला. मग म्हणाला, "बाई… आवाज वाढवून पुन्हा एकदा लावा की."

त्यांनी लावलं. यंत्रांची टिकटिक. आक्काचा श्वास. आणि सिस्टर बोलायच्या आधी, लांबून, जिना चढत यावं तसं कुणीतरी…

"आलो… आलो…"

तेव्हा आक्का जिवंत होती. तोंडात नळी होती तिच्या. आणि आता शांतपणे ऐकल्यावर कळत होतं, बाई म्हणत होत्या ते खरं होतं. आवाज पुरुषाचाच होता.

त्याच क्षणी पडद्यावर आक्कानं तो हिसका दिला. हात सोडवायला नव्हता दिलेला. तिची दोन बोटं भावाच्या छातीला लागली होती आणि ती त्याला खाटेपासून मागं ढकलत होती… जा, जा म्हणून.

डॉक्टरांनी चष्मा बंद केला, पुसला, डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

डबीतून आवाज आला. आता तो लांबून येत नव्हता, ओलसरही नव्हता. दम लागलेला माणूस टेकून बोलावा तसा.

"पोचलो."