सहावा प्रश्न

"ताई, यादी गेली! बारा फोन नंबर होते तिच्यात, आणि कपाट तर बंदच आहे!"

मानसशास्त्र विभागाचं दप्तर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे फौजदारीण म्हणत. त्यांनी धावत आलेल्या धाकटीला, तिथल्या संशोधक विद्यार्थिनीला, आधी बसवलं.

ती बारा माणसं एकदा जीव द्यायला निघून वाचलेली. 'आपण घरच्यांना ओझं झालो' ही भावना माणसाला मरणाकडे लोटते, असा एक सिद्धान्त. दर गुरुवारी आपुलकीचा फोन गेला तर ती ओसरते का, हे धाकटी पडताळत होती. आज गुरुवार होता. फोन चुकला तर कोण काय समजून बसेल, या धास्तीने तिने कपाट तीनदा उपसलं होतं.

"किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, सरांकडे आणि थोरलीकडे."

विभागप्रमुख सरांचा सिद्धान्त वेगळा, सगळं खापर निराशेवर. ते सकाळपासून वर्गात शिकवत होते. "हरलो तर पुराव्याने हरेन," ते गुरगुरले.

थोरली धाकटीची जुनी सहकारी. "मी कशाला हात लावू? चालू दे तिचं कौतुक!"

दुपारी विभागात फोन वाजला. बारांपैकी एक शिंपीणआजी. "सकाळच्या फोनवाल्यांना सांगा, शेजारणीच्या झग्याची काजं करून दिली."

फौजदारीण ताठ झाल्या. "काय विचारलं होतं त्यांनी?"

"आज कुणाला तुमचा उपयोग झाला? असं कधी कुणी विचारलंच नव्हतं हो."

धाकटीच्या प्रश्नावलीत पाचच प्रश्न होते, आणि हा त्यांत नव्हता. फौजदारीणबाईंनी जुनी फाइल काढली आणि तिघांना बोलावलं.

"तीन वर्षांपूर्वी हाच विषय थोरलीने मांडला. सरांनी नाकारला, मग धाकटीला दिला. हा बघा तेव्हाचा थोरलीचा सहावा प्रश्न, शब्द न् शब्द तोच. सर वर्गात होते. मग सकाळी फोन कुणी केले?"

"विषय माझा होता!" थोरली फुटली. "हिची वाहवा ऐकून जळफळाट व्हायचा. वाटलं, बुडू दे हिचा पुरावा. पण नऊ वाजले, फोनची वेळ झाली, आणि ती माणसं वाट बघत असतील ना!"

"किती जणांना केलेस?"

"बाराही जणांना."

तिने पर्समधून यादी काढून ठेवली. तेवढ्यात पुन्हा आजींचा फोन. "पुढच्या गुरुवारी त्याच बाईंना सांगा हं."

धाकटीचा चेहरा पडला. वर्षभर फोन तिने केले होते, आणि आजींना हवी होती थोरली. तिला मनापासून हेवा वाटला.

"आजी तुझ्या," ती दात-ओठ खात म्हणाली. "बाकी अकरांना हात लावलास तर बघ. आणि तो सहावा प्रश्न मला लिहून दे."