बारा नंबरचं गोदाम

कोरिन फाँटनोने कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"सोमवारपर्यंत पैसे देऊन मिटवा, नाहीतर लढा म्हणतात. काहीही केलं तरी माझा धंदा बुडतो, बाई. सहा जणी माझ्याकडे गोधड्या शिवतात. त्यांना काय सांगू?"

व्हर्लीन टिडवेल चाळीस वर्षं टेक्ससमधल्या मार्शल गावच्या शाळेत गणित शिकवून आता खासगी तपास करत होती. तिचा मदतनीस हर्शेल, निवृत्त ट्रकचालक, कोपऱ्यात पीकॅनची गोड पाई खात होता.

"दावा कसला?" व्हर्लीनने विचारलं.

"गिऱ्हाईक आपल्या पलंगाचा फोटो टाकतं. आमची वेबसाइट त्यावर गोधडी पसरून दाखवते. पाइन लँटर्न नावाची कंपनी म्हणते, ही युक्ती आमच्या पेटंटमधली."

"ते पण गोधड्या विकतात?" हर्शेलने विचारलं.

"ते काहीच विकत नाहीत."

व्हर्लीनने दावा सावकाश वाचला. "तुम्ही लुइझियानात, श्रीव्हपोर्टला. मग खटला इथं टेक्ससमध्ये कसा?"

"धंद्याची जागा असेल तिथं पेटंटचा खटला भरता येतो. मे महिन्यात मी इथं गोदाम भाड्याने घेतलं."

"सुचवलं कुणी?"

"सगळ्यांनीच! माझा दीर लॉनी इथं राहतो, त्याला जवळ पडतं. वेबसाइट सांभाळणारा अ‍ॅन्सेल म्हणाला, टपाल स्वस्त पडेल. आमचे वकील रॉइस पिकार्ड म्हणाले, कर वाचेल."

"आणि तीन आठवड्यांत दावा." व्हर्लीनने एका ओळीवर बोट ठेवलं. धंद्याची जागा, गोदाम क्रमांक बारा.

पाइन लँटर्नचं ऑफिस कोर्टासमोरच होतं. दारावर चकचकीत पाटी. काचेतून आत डोकावलं, तर खुर्ची नाही, फोन नाही. दारातून टाकलेल्या पत्रांचा ढीग आणि त्यावर उताणी मेलेली झुरळं.

"शी!" हर्शेल मागे सरला. "माणसं कुठायत?"

"नाहीतच. नुसती पाटी. यांनी आजवर टाचणीसुद्धा बनवलेली नाही. बनवणाऱ्याच्या मानगुटीवर बसून पैसे उकळायचे, एवढंच काम."

लॉनी नऊ नंबरच्या गोदामात खोकी रचत होता. "बाराचं छत पहिल्याच दिवशी गळलं. मालकाने नऊची किल्ली दिली. वहिनी म्हणाली, कोरडं असलं की झालं. कागद नंतर बदलू."

अ‍ॅन्सेल फोनवर तडकलेलाच होता. "परतीचा माल नऊला पाठवा, असं त्याच दिवशी वेबसाइटवर टाकलं मी. त्या चोरांना एकदा माझ्यासमोर उभं करा!"

पिकार्डने श्रीव्हपोर्टच्या ऑफिसात गार, गोड चहा पुढे केला. "ओळखलंत, बाई? सातवीत तुमच्या वर्गात होतो. भाड्याचा करार मीच लिहिला, पण गोदाम बघायला सवड कुठली! कोरिनला सांगा, मिटवून टाक. लहान माणसांनी लढू नये."

व्हर्लीनने चहाला हात लावला नाही.

बाहेर आल्यावर तिने कोरिनला फोन केला. "तिघांनाही निरोप द्या. शुक्रवारी सकाळी आठ वाजता गोदामात या. एवढंच. एक अक्षर जास्त नको."

"गोदामात कशाला?" हर्शेल कुरकुरला. "आपल्याकडे पंखा तरी आहे."

शुक्रवारी आठला नऊ नंबरात कोरिन, लॉनी आणि अ‍ॅन्सेल हजर होते. पिकार्डचा पत्ता नव्हता.

"पळाला वाटतं," हर्शेल म्हणाला.

"ऐक."

पलीकडून कुणीतरी पत्र्याचं दार ठोठावत होतं. सगळे बाहेर आले. पिकार्ड बारा नंबरच्या कुलपासमोर घाम पुसत उभा होता.

"कुणी उघडत कसं नाही?" तो ओरडला.

"कारण तिथं कुणीच नाही, रॉइस," व्हर्लीन म्हणाली. "कधीच नव्हतं."

"म्हणजे काय?" हर्शेल गोंधळला.

"सोपं आहे, हर्शेल. दाव्यात पत्ता बाराचा आहे. परक्या माणसाने तो वेबसाइटवरून घेतला असता, तर नऊ लिहिला असता. लॉनीने खोकी नऊमध्ये रचली, अ‍ॅन्सेलने नऊ छापला. जागेच्या मालकानेच नऊची किल्ली दिली. बारा नंबर फक्त करारात उरला. म्हणजे पाइन लँटर्नला पत्ता देणाऱ्याने करार पाहिलाय, गोदाम पाहिलेलं नाही. असा माणूस एकच."

कोरिन पिकार्डकडे वळली. "कर वाचेल म्हणालात... खटला इथं ओढता यावा म्हणून?"

पिकार्डने टाय सैल केला. "यात बेकायदा काय आहे? असे दावे रोज लागतात, बाई."

"दावे लागतात. स्वतःच्या अशिलाला त्यात ढकलून वाटा घेणाऱ्याची सनद जाते. सोमवारी कोर्टात हेच सांगायचं, की आज दावा मागे घेतला जाईल?"

पिकार्डने खिशातून फोन काढला.

"सातवीत तू दुसऱ्याची वही उतरवलीस," व्हर्लीन म्हणाली. "त्यातल्या चुकीसकट. तेव्हा शून्य दिलं होतं मी तुला. वाटलं होतं, सुधारशील."

दुपारपर्यंत दावा मागे घेतला गेला. सनदेची तक्रार कोरिनने तरीही केली. मग श्रीव्हपोर्टला फोन लावून ती एवढंच म्हणाली, "मशीन चालू करा गं," आणि रडायला लागली.

व्हर्लीन साबणाने तिसऱ्यांदा हात धूत होती.

"जिंकलो की, बाई!" हर्शेल म्हणाला. "आता कसली घाण?"

तिने ओल्या बोटाने खिडकीबाहेर दाखवलं. कोर्टासमोरच्या त्याच दाराला एक माणूस नव्या नावाची पाटी ठोकत होता.