आयडाचं मुकं नाणं

भुतं रात्री येतात म्हणतात.

आमच्याकडे भूत रविवारी, जेवणानंतर, भर उजेडात आलं.

हे खरं घडलंय. ओहायोतल्या मॅरिएटा गावात, माझ्याच जेवणघरात, गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी. मी लोर्ना स्टायव्हर्स. चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्यात माझा जन्म गेला. मला भास-बिस होत नाहीत. कान मात्र अजून तिखट आहेत, आणि तेच नडलं.

माझा नवरा वेंडेल सोन्याची जुनी अमेरिकन नाणी जमवायचा. शंभरेक वर्षांपूर्वीची. पाच डॉलरची, दहाची, वीसची. दर रविवारी जेवण झालं की तो टेबलावर हिरवा टॉवेल अंथरायचा. एकेक नाणं बोटाच्या टोकावर तोलायचा आणि पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायचा.

टिंग...

खरं सोनं बराच वेळ वाजत राहतं. खोटं नुसतं ठक करतं.

"माणूस आणि नाणं, दोन्ही वाजवून घ्यावं," वेंडेल म्हणायचा.

"मग मला का नाही वाजवून घेतलंस?"

"तुला कशाला? तू आपणहून दिवसभर वाजतेस."

यावर ऑरिन पोट धरून हसायचा. ऑरिन प्यू, वेंडेलचा जिवलग मित्र. तोही नाणीवेडा. बायको गेल्यापासून दर रविवारी आमच्याकडेच जेवायचा. या मंडळींची एक खोड असते, एक नाणं कायम खिशात ठेवायचं, शकुनाचं म्हणून. ऑरिनच्या कोटाच्या आतल्या खिशात झिजलेला चांदीचा डॉलर असायचा. बोलता बोलता तो वरून चाचपायचा.

"अरे, किती ठोकशील? कडेला घाव पडेल," तो वेंडेलवर ओरडायचा.

"तू गप्प बस. तुझ्या हातात गेली तर तू नाण्यांचीही तोंडं बांधशील."

सगळ्यात शेवटी आयडाचं नाणं यायचं.

आयडा म्हणजे माझी सासू. वीस डॉलरचं, १९०८ सालचं ते नाणं तिला तिच्या वडिलांनी दिलेलं. पुढे सरकारने लोकांकडचं सोनं जमा करायला लावलं, तेव्हा तिने ते बेकिंग पावडरच्या डब्यात लपवलं. डबा उघडताना एकदा सुरीचं टोक लागलं. नाण्यावरच्या मशाल घेतलेल्या बाईच्या गुडघ्यापाशी एक बारीक खोक पडली. वेंडेल लहानपणापासून त्या खोकेवर बोट फिरवायचा.

ते नाणं वाजलं की तो बोट वर करायचा. आवाज पुरता विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. "आईचं नाणं ग्रेचेनचं," तो दर वेळी म्हणायचा. ग्रेचेन आमची मुलगी.

मग वेंडेल आजारी पडला.

ऑरिन म्हणाला, "ही नाणी पारखून प्लास्टिकच्या डब्यांत सीलबंद करून आणतो. नाहीतर उद्या दुकानदार लोर्नाला फसवतील."

मला तेव्हा रडू आलं. केवढी काळजी माणसाला!

तो नाणी घेऊन गेला. काही आठवड्यांनी परत आणली. प्रत्येक नाणं कडक, पारदर्शक डबीत. वेंडेलने पलंगावर पडल्या पडल्या आयडाची डबी हातात घेतली. भिंग लावलं. बराच वेळ पाहत राहिला...

"छान काम केलंस, ऑरिन," तो म्हणाला. बास.

त्या संध्याकाळी त्याने माझा हात धरला. "मी गेल्यावरही ऑरिनला रविवारी जेवायला बोलवत जा. त्याला दुसरं कोण आहे?"

ग्रेचेनच्या नाण्याचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. ते मला तेव्हा जाणवलंच नाही.

ऑगस्टमध्ये वेंडेल गेला.

वेंडेलला मी शब्द दिला होता, म्हणून ऑरिन येत राहिला. मी वाढत राहिले. त्याने माझी पन्हाळी दुरुस्त केली, मला दवाखान्यात नेलं. आता जगात एवढाच आधार उरलाय, असं मला वाटायचं.

ऑक्टोबरमधला एक रविवार. ऑरिन नुकताच गेला होता. मी भांडी घासत होते.

जेवणघरातून आवाज आला...

टिंग...

फ्रिज असेल, म्हटलं.

टिंग...

मी नळ बंद केला. नाणी कपाटात होती. कपाटाला कुलूप. किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात. आणि डबीतलं नाणं वाजतच नाही!

पण ती एकामागून एक वाजत होती. वेंडेलच्या क्रमाने. तो क्रम मला झोपेतही सांगता येईल.

आता आयडाचं... मी ओले हात घेऊन उभी राहिले.

काहीच नाही.

आत गेले. खोली रिकामी. फक्त वेंडेलची खुर्ची टेबलापासून मागे सरकलेली होती.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. सगळी नाणी वाजायची. आयडाचं तेवढं नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, म्हातारीला वेड लागलं म्हणाले असते.

मग तो रविवार आला. थँक्सगिव्हिंगला ग्रेचेन येणार होती, आणि तिला नाणं द्यायचं मी ठरवलं होतं. सगळ्या डब्या टेबलावर मांडल्या. ऑरिनने कुस्करलेल्या बटाट्यांवर चिकन नूडल्स दोनदा घेतल्या, वर सफरचंदाचा केक.

"आयडाचं तिला देऊ नकोस," तो म्हणाला. "आजकालच्या पोरी. भोक पाडून गळ्यात घालेल. मला दे, मी चांगली किंमत देतो."

"वेंडेलची इच्छा होती, ऑरिन."

"वेंडेल आता बघायला येतोय होय?"

टिंग...

ऑरिनचा काटा हवेतच थांबला.

"तुला काही ऐकू आलं?" मी विचारलं.

"छे! काहीसुद्धा वाजलं नाही."

मी वाजण्याचं नाव काढलं नव्हतं.

टिंग... टिंग... डब्या समोर होत्या. आमच्या दोघांचेही हात त्यांच्यापासून लांब. तरी क्रमाने आवाज येत होता. ऑरिनच्या कपाळावर घाम फुटला.

मग आयडाच्या डबीची पाळी आली.

ठक.

मेलेला आवाज. लाकडावर नख आपटावं तसा.

ठक... ठक...

आणि मग...

टिंग...

लांब, गोड, न संपणारा. तो आवाज मी हजारदा ऐकलाय. आयडाच्या नाण्याचा. पण तो टेबलावरून येत नव्हता.

ऑरिनच्या कोटातून येत होता.

आम्ही दोघं गप्प बसलो. सवयच तशी. आवाज पुरता विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

"काढ," मी म्हणाले.

त्याने आतल्या खिशात हात घातला. चांदीचा डॉलर नव्हता. सोन्याचं नाणं होतं, गुडघ्यापाशी बारीक खोक असलेलं.

"मी विकणार नव्हतो गं," तो रडायला लागला. "लोर्ना, शपथ. मला फक्त ते जवळ हवं होतं."

"माझ्या टेबलावर जेवत होतास, ऑरिन! ते छातीशी ठेवून, माझ्या हातचं जेवत होतास! आणि डब्या कशाला केल्यास? काळजीपोटी?"

डबीत बंद केलं की खोटं नाणं कुणी वाजवून बघत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो टोपीही न घेता गेला. चाळीस वर्षं ज्याला घरचा मानला, त्यानेच घर फोडलं.

मी नाणं हातात घेऊन बसले. खोकेवर बोट फिरवलं, वेंडेल फिरवायचा तसं. मग खोट्या नाण्याची डबी उचलून पाहिली. गुडघा अगदी गुळगुळीत.

आणि माझा हात थांबला.

वेंडेलने भिंग लावून पाहिलं होतं. बराच वेळ. ज्या खोकेवर त्याने जन्मभर बोट फिरवलं, ती नाही, हे त्याला दिसलं नसेल?

मी नाणं मुठीत घट्ट मिटलं. वेंडेलच्या खुर्चीकडे पाहिलं. आजही ती मागे सरकलेली होती.

"वेंडेल... तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

मुठीतलं नाणं वाजत नाही. कधीच नाही.

टिंग...

नाण्याची थरथर माझ्या तळहाताला लागली.

"मग मला का नाही सांगितलंस? त्याला जेवू घालायला का लावलंस?"

काहीच नाही. खुर्ची तशीच.

त्यानंतर घरात एकही नाणं वाजलेलं नाही. आयडाचं ग्रेचेन घेऊन गेली. ऑरिन आता चर्चमध्ये पलीकडच्या बाकावर बसतो. त्याच्यावरचा माझा राग निवेल एखाद वेळेस.

पण रविवारी जेवण झालं की मी अजून नळ बंद करते आणि ओल्या हातांनी उभी राहते. वेंडेलने मित्राला वाचवलं, की मी एकटी पडू नये म्हणून तो गप्प बसला, हे मला विचारायचंय.

आणि त्याने खरंच उत्तर दिलं तर... त्याचीच मला भीती वाटते.