मी येईपर्यंत काढू नका

गॅस गीझर खोटं बोलत नाही, असं मी चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. माणसं बोलतात. "आम्ही हातही लावला नाही, मिस्त्री," म्हणतात, आणि आत स्क्रूवर पान्याचे ओरखडे ताजे असतात. गीझर स्क्रीनवर एक अक्षर आणि एक आकडा दाखवतो आणि गप्प बसतो. ई एक म्हणजे ठिणगी पडत नाही, बॅटऱ्या बदला. ई दोन म्हणजे ज्योत टिकत नाही. ई सहा म्हणजे जळका वायू धुराड्यातून वर न जाता घरात परत येतोय. हा सगळ्यांत वाईट. त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस नुसता झोपतो.

यास्ना बार्रियाचा फोन नोव्हेंबरात आला. तिच्याकडे ई सहाच येत होता, रोज, पाचला दहा कमी असताना. त्या वेळी तिची मुलगी नोएलिया शाळेतून येऊन टबात बसायची. सहा वर्षांची पोर, पण कातडी कोरडी पडून इतकी खाजायची की रात्री हातमोजे घालून झोपवावं लागे. डॉक्टरांनी रोज कोमट पाण्यात बसवायला सांगितलं होतं. गीझर बंद पडला की पोर थंड पाण्यात रडत बसायची.

चिलीच्या दक्षिण टोकाला, आमच्या पुंता अरेनासमध्ये, नोव्हेंबर म्हणजे वारा. चौकाचौकांत दोर बांधलेले असतात, ते धरून मी तिच्या गल्लीपर्यंत गेलो. हिरव्या पत्र्याचं घर दिसलं आणि मी दोर धरून तिथेच थांबलो. एकतीस वर्षं मी ही गल्ली टाळत होतो. पण आलेलं काम सोडून परत जायला कारण तरी काय सांगणार?

गीझर स्वयंपाकघरामागे, कपडे धुण्याच्या खोलीत होता. चांगला होता, दोन वर्षांचाही नसेल. भिंतीत खाली हवा यायची जाळी होती आणि तिच्यावर आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. मला नवल वाटलं नाही. आमच्या गावात निम्मी घरं हेच करतात. जाळीतून वारा शिरतो, ज्योत विझवतो, की लोक लावतात कागद. मग गीझरला हवा मिळत नाही आणि तो घरातलीच हवा जाळत बसतो.

मी कागद टराटरा फाडून चुलीत टाकला. यास्ना म्हणाली, तिने नाही लावला, तिला वाटलं गॅसवाल्यांनीच लावलाय. मी मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात. गीझर तासभर चालवला, विषारी वायू मोजायचं मीटर धरलं. शून्य. स्क्रीन स्वच्छ.

तीन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा ई सहा.

जाळीवर पुन्हा कागद होता. या वेळी मी तिला चांगलंच झापलं. "पोरीला मारायचंय का तुला?" असंही बोललो. तिचे डोळे भरून आले. तिने माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट पानांचा चहा, माझ्यासमोर ठेवला आणि सिंकपाशी पाठमोरी उभी राहिली.

मी कागद सोडवायला बसलो. चिकटपट्टी इतकी जुनी होती की बोट लागताच तिचा भुगा झाला. तीन दिवसांत पट्टी अशी होत नाही. कागद पिवळा पडला होता. कडेच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: मी येईपर्यंत काढू नका. ए. मान्सिया.

एलेओदोरो मान्सिया मीच. अक्षर माझंच. माझा ए अजूनही तसाच पडतो, डाव्या पायाने लंगडा.

आता खरं सांगतो, कारण लपवून काही उरलेलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी या घरात क्लोरिंदा नावेल्किन नावाची म्हातारी एकटी राहायची. वाऱ्याने तिच्या गीझरची ज्योत विझायची आणि ती मला बोलवायची. एका आठवड्यात चौथ्यांदा बोलावलं तेव्हा मी वैतागलो आणि स्वतःच जाळीवर कागद चिकटवला. म्हटलं, आजी, वारा पडला की मी येऊन काढतो. ती विसरभोळी होती, म्हणून वर लिहूनही ठेवलं. बाई शब्दाची पक्की. नंतर शेजारणीने सांगितलं, कागद काढ म्हटलं तर आजी म्हणायची, मिस्त्री येणार आहे.

मी विसरलो. बाराव्या दिवशी ती टबात सापडली.

तपासणी व्हायच्या आधी मी कागद काढून जाळला. जाळीभोवती चिकटपट्टीच्या खुणा पाहून साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, म्हातारी माणसं, थंडी वाजते, काहीतरी चिकटवतात. त्यांनी तसं लिहून घेतलं.

तोच कागद आता माझ्या हातात होता. यास्ना वळायच्या आत मी तो चुलीत टाकला. कागद गेला तरी गीझर ई सहा सोडेना. आणि ती पाठीमागून अगदी हळू म्हणाली, "आज तरी पाणी मिळेल ना, काका? रात्री तिने मान खाजवून रक्त काढलंय."

मला त्या खोलीतून सुटायचं होतं, दुसरं काही नाही. धूर ओळखणाऱ्या सेन्सरच्या दोन टोकांमध्ये मी तारेचा तुकडा घातला. मग सेन्सर काहीही म्हणो, गीझर ऐकत नाही. हे सगळे मिस्त्री करतात आणि कोणी कबूल करत नाही. स्क्रीन स्वच्छ झाली. खिडकी उघडी ठेव, एवढं सांगून मी निघालो.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी साडेचारला निघालो. चौकात वाऱ्याने दोनदा दोराला लटकवलं. पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते, बाहेर लख्ख ऊन.

यास्नाने हसत दार उघडलं. एवढं हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"आज एकदाही बंद नाही पडला. बसलीय टबात, गातेय बघा."

मी कान दिला. कोणी गात नव्हतं.

धुण्याच्या खोलीत गेलो. मीटर दारातच किंचाळायला लागलं. ज्योत निळी नव्हती, पिवळी होती, लांब आणि आळशी. खिडकी आतून बंद. जाळीवर कागद.

स्क्रीनवर काहीच नव्हतं. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

गॅसचा कॉक फिरवला. खांद्याने न्हाणीघराचं दार तोडलं.

पोर टबाच्या कडेला गाल टेकून होती. गाल लालचुटुक, जत्रेतल्या बाहुलीसारखे.

कोटात गुंडाळून तिला रस्त्यावर आणलं, वाऱ्यात. यास्ना तिला गदागदा हलवत होती, नाव घेत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग नोएलियाला उलटी झाली आणि ती रडायला लागली. जन्मात कुठल्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

इथे थांबलो असतो तर माणूस ठरलो असतो.

रुग्णवाहिका यायच्या आत मी परत आत गेलो आणि तारेचा तुकडा काढून खिशात घातला. तपासणीचे साहेब आले. त्यांनी विचारलं, हा कागद कोणी लावला. मी म्हणालो, तरुण मुलगी, भाड्याची जागा, वाऱ्याला कंटाळून लावला असेल, दोनदा बजावलं होतं तिला. त्यांनी तसं लिहून घेतलं.

यास्ना पोरीचा हात धरून रुग्णवाहिकेत बसली होती. तिने ऐकलं. ती ओरडली नाही.

"मी नाही लावला," ती मला म्हणाली. "आणि तुम्हाला ते माहीत आहे."

मी पान्याची पिशवी आवरत राहिलो. नोएलिया वाचली. पण आईची चौकशी संपेपर्यंत तिला सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला आजीकडे ठेवलंय. आईला दर रविवारी भेटू देतात, बोट सुटली तर.

मी एकटा राहतो. सोमवारी दाढी करत होतो, अर्धा गाल फेसात, आणि पाणी गार झालं. स्वयंपाकघरात गेलो. माझ्या गीझरवर ई सहा होता.

माझ्या घरातली जाळी मी जन्मात कधी झाकलेली नाही. तिच्यावर कागद होता. पिवळा, एक कोपरा जळलेला. कडेला माझी ओळ होती आणि तिच्याखाली दुसरी, थरथरत्या मोठ्या अक्षरांत, उतारवयात लिहायला शिकलेली माणसं लिहितात तशी.

मी येईपर्यंत काढू नका. क्लोरिंदा.

आज गुरुवार. मी तो काढलेला नाही.