सोबत फुकट

विमा कार्यालयाच्या बाकावर तो शेजारी येऊन बसला. पंख्याचा वारा मला लागावा म्हणून त्याने बाक जरा सरकवला, आणि मी मूर्खासारखी हसले. मग कळलं, हा तर माझ्याच पोटावर पाय द्यायला आलाय!

दादा आणि मी मेलचं सॉफ्टवेअर बनवतो. हे विमावाले आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की आमचं दुकान बंद. आणि हा बड्या कंपनीचा विक्रेता. ऑफिसचं बाकी सॉफ्टवेअर घ्या, मेल सोबत फुकट.

फुकट म्हणे! मॅनेजरबाई दोघांनाही रोज “उद्या या” म्हणायच्या, आणि बाकावर मी त्याच्याशी रोज भांडायचे. तो नुसता बघत राहायचा... त्याचाही राग यायचा. एकदा म्हणाला, दाखवा तरी तुमचं. मी तावातावाने त्याच्याच लॅपटॉपवर घालून दिलं.

शेवटी बाईंनी बोलावलं. त्याने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि भिंतीवर आमचं मेल उघडलं. दादाने काढलेलं ते वेडंवाकडं पाकिटाचं चिन्ह! सवयीने त्याने तेच दाबलं होतं.

“तुम्ही स्वतः हे वापरता?” बाईंनी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. “हो... हे जास्त चांगलं आहे.”

मी संधी सोडली नाही. “तुमचं मेल वगळून बाकीचं घेतलं, तर किंमत किती कमी होईल?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “काहीच नाही. वगळून आम्ही विकतच नाही.”

तरी बाईंनी त्याच्याच कागदावर सही केली. बाकीचं हवंच होतं. मग वरचे साहेब मेलसाठी वेगळे पैसे कशाला मंजूर करतील? अंगाचा तिळपापड झाला. हरण्याचं दुःख नव्हतं हो, पण आम्हाला कुणी खेळूच दिलं नाही!

मी तरातरा जिना उतरले. तो मागोमाग धावत आला. म्हणाला, असं एकाला दुसरं बांधून विकणं बेकायदा आहे, स्पर्धा आयोगाकडे तक्रार करा, मी साक्ष देतो.

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे.”

“आणि सोबत फुकट काय गळ्यात मारताय?”

तो कठड्याला धरून उभा राहिला. “तुम्ही मला आवडता... पण ते वेगळं. त्याला नाही म्हणालात, तरी साक्ष देणारच.”

माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला नाही म्हणायची मोकळीक देत होतं.

“दोन्ही घेते,” मी म्हणाले. “वेगवेगळं.”