रिकाम्या गाडीचं वजन

चार चाकं. प्रत्येक चाकाखाली एक, असे चार वजनकाटे. टाकीत आठ लिटर पेट्रोल. माणसं तीन: मी, दत्तादादा आणि वॉचमन रंगराव.

एवढंच होतं तिथे. मी मोजलं होतं, म्हणून सांगते.

ही ऐकीव गोष्ट नाही. गेल्या नोव्हेंबरमधला दुसरा रविवार, संध्याकाळचे पावणेपाच. मांजरी गावाच्या पुढे उसाला लागून प्लॉट पाडलेत. बंगला अजून एकही नाही, पण नऊशे मीटरचा सरळ सिमेंटचा रस्ता तयार आहे, टोकाला वळण. आमची रेसची गाडी आम्ही तिथे पळवून बघतो.

मी फिजिक्सची पदवीधर. माणसाच्या शब्दापेक्षा काट्यावरचा आकडा मला खरा वाटतो.

म्हणूनच मला अजून नीट झोप लागत नाही...

दत्तादादाचं शनिवार पेठेत गॅरेज आहे. गाडी त्याची आणि नियमही त्याचाच. पळवण्याआधी आणि पळवून आल्यावर गाडीचं वजन करायचं. आकडे वहीत लिहायचे.

पेट्रोलसकट रिकामी गाडी ७४१.० किलो.

हेल्मेटसकट मी ५८.५.

हेल्मेटसकट सलिल ६१.५.

सलिल आमचा ड्रायव्हर. ऑगस्टमध्ये डेंग्यूनं गेला. चार दिवसांत.

मी त्याच्यापेक्षा तीन किलोंनी हलकी. म्हणजे माझी वेळ कमी यायला हवी. एकदाही आली नाही.

फरक होता गिअर उतरवण्यात. वळणाआधी खालचा गिअर टाकायचा, तर इंजिनाचे फेरे आधी वाढवून चाकांशी जुळवावे लागतात. डावा पाय क्लचवर. उजव्या पायाची बोटं ब्रेकवर, आणि त्याच पायाच्या कडेनं ॲक्सिलरेटरला हलका टोला. मग क्लच सोडायचा. जमलं तर गाडीला कळतसुद्धा नाही. माझ्या हातून दर वेळी हिसका बसायचा.

सलिल गिअर उतरवण्याआधी दांड्याच्या मुठीवर अंगठीनं दोनदा वाजवायचा.

टक्. टक्.

मग काहीच कळायचं नाही.

"ताई," रंगराव एकदा मला म्हणाले होते, "सलिलदादा गिअर उतारतो तवा हितं बसून कायबी कळत न्हाई. तुमचं मातुर कळतंय."

मला त्या म्हाताऱ्या माणसाचाही राग आला होता.

आणि खरं सांगायचं तर अजून एक. सलिल गेल्याचा फोन आला तेव्हा मी खूप रडले. पण त्याच्या आधी, अर्धा सेकंद असेल, मनात एकच आलं...

सीट रिकामी झाली.

त्या रविवारी दत्तादादा म्हणाला, "स्पृहा, आज शेवटचं बघतो. एकही गिअर चुकला नाही तर रेसला तुझं नाव पाठवतो. चुकला तर यंदा घरी बसू. इंजिन एकच आहे, आणि ते झाडाला लागत नाही."

"नाही चुकणार."

"सलिल असं बोलून दाखवायचा नाही."

मी हेल्मेटची काच खाली ओढली.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर पाचवा गिअर पडला. वेग ११२. समोर वळण. ब्रेक दाबला, क्लच दाबला, चौथ्यासाठी दांडा मागे ओढला.

घाईत तो डावीकडे सरकला.

दुसऱ्यात बसला.

दुसऱ्या गिअरमध्ये ७२ च्या वेगालाच इंजिन सात हजार फेऱ्यांवर जातं. ती त्याची मर्यादा. ११२ ला होतात जवळजवळ अकरा हजार. अशा वेळी फेरे रोखणाऱ्या लिमिटरचाही उपयोग नसतो. तो फक्त पेट्रोल तोडतो, इंजिनाला तर चाकंच फिरवत असतात. व्हॉल्व्ह, पिस्टन, सगळं संपतं.

हे मला पाठ होतं. पण चूक कळेपर्यंत माझा डावा पाय वर आला होता.

मी आवाजाची वाट पाहिली...

आवाज आला नाही.

पाय वर होता. क्लचचं पेडल मात्र खालीच.

तळाला टेकलेलं.

हेल्मेटच्या आत, अगदी कानाशी आल्यासारखं...

टक्. टक्.

माझ्या बोटांत अंगठी नव्हती. हातात मोजे होते.

तळव्याखाली दांडा हलला. पुढे, किंचित उजवीकडे, मागे. चौथ्यात. माझा उजवा पाय फक्त ब्रेकवर होता, तरी इंजिन एकदा हलकंच गुरगुरलं. मग पेडल सावकाश वर आलं.

हिसका बसला नाही.

गाडी वळणातून अलगद निघाली. उसाचं पातंही हलत नव्हतं. मला घाम फुटला होता. भीतीनं... आणि रागानंही. त्यानं मला वाचवलं नव्हतं, इंजिन वाचवलं होतं. मेल्यावरही माझ्यापेक्षा चांगला गिअर टाकला होता.

परत आले तर दत्तादादा लॅपटॉपवर डोकं खुपसून बसलेला. गाडीतल्या यंत्रात इंजिनाचे फेरे नोंदले जातात.

"चौथ्यात सहा हजार दोनशे सत्तर. ११२ ला नेमके हवेत तेवढेच!" तो चक्क हसला. "एवढे दिवस काय झोपा काढत होतीस? मला वाटलं, सलिलच आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं.

"सराव केला," मी म्हणाले.

रंगराव काठी टेकत आले. "आज कळलं न्हाई, ताई."

"मग ठरलं," दत्तादादा म्हणाला. "सीट तुझी. चल, वजन करू आणि निघू."

मी पट्टे सोडून उतरले. आम्ही दोघांनी गाडी ढकलत काट्यांवर आणली.

ती जड लागली.

दोन लिटर पेट्रोल जळलं होतं, म्हणजे दीड किलो. आकडा ७३९.५ यायला हवा होता. दत्तादादानं तो वहीत लिहूनही टाकला. मग काट्याकडे बघितलं आणि खोडला.

"तू टेकली आहेस का गाडीला?"

मी चार पावलं लांब होते.

गाडी खाली घेतली. काटे पुसले, शून्यावर आणले. गाडी पुन्हा चढवली. दोन वेळा. तिसऱ्या वेळी त्यानं पेन माझ्या हातात दिलं. ती ओळ माझ्याच अक्षरात आहे.

ड्रायव्हर: कुणी नाही. वजन: ८०१.० किलो.